मार्सेल्सचा खून आणि राष्ट्रांचें सहकार्य

१९३४ सालच्या ऑक्टोबर महिन्याच्या ९ व्या तारखेस युगोस्लाव्हियाचा राजा अलेक्झांडर हा फ्रान्सच्या भेटीसाठीं मार्सेल्स बंदरांत उतरला. त्याच्या स्वागतास फ्रान्सचे परराष्ट्रमंत्री लुई बार्थू जातीनें हजर होते. दोघेही एकाच मोटारींतून शहरांत निघाले. थोडाच वेळ गेला असेल नसेल तोंच गर्दींतून एक इसम पुढें धांवला, मोटारीच्या पायरीवर चढला आणि त्यानें राजावर पिस्तुलाच्या गोळ्या झाडल्या. राजा लौकरच गतप्राण झाला. बार्थू यांच्या हाताला गोळी लागली व रक्तस्रावानें त्यांचाही अंत झाला. त्यांना लागलेली गोळी मारेकऱ्याची नसून गोंधळांत पोलिसांकडून सुटलेली होती, असें पुष्कळ वर्षांनंतर उघडकीस आलें. मारेकऱ्याला पोलिसांनीं व जमावानें जागच्या जागीं लोळविलें आणि त्याच दिवशीं तोही मेला.

राजांचे खून इतिहासाला नवे नाहींत. या खुनाचें वैशिष्ट्य निराळ्याच गोष्टींत होतें. मेलेला राजा युगोस्लाव्हियाचा, खुनाची जागा फ्रान्समधील, मारेकरी व्लादो चेर्नोझेम्स्की हा बल्गेरियन, व तो मॅसेडोनियन क्रांतिकारी संघटनेंतील. ज्यांच्या वतीनें हा कट रचला गेला ते उस्ताशी पक्षाचे लोक क्रोएशियाचे. त्यांना शस्त्रांचें शिक्षण मिळालें हंगेरींतील यांका पुस्ता नांवाच्या शेतवाडीवर. त्यांचा पुढारी आन्ते पावेलिच राहत होता इटलींत. आणि मारेकऱ्याच्या खिशांत सांपडला तो खोट्या नांवाचा चेकोस्लोव्हाकियाचा पासपोर्ट. एका खुनाचे धागे अशा रीतीनें निदान अर्धा डझन राज्यांत पसरलेले होते. यांपैकीं कोणत्याही एका राज्याच्या पोलिसांना सर्व धागे एकट्यानें उलगडतां येणें शक्य नव्हतें. सरहद्द ओलांडून जाणाऱ्या गुन्ह्याचा पाठलाग सरहद्दीशीं थांबणाऱ्या कायद्यानें कसा करावयाचा, हा प्रश्न त्या दिवशीं युरोपपुढें उभा राहिला.

हा प्रश्न तसा जुनाच होता. गुन्हेगार परदेशीं पळाला असतां त्याला परस्परांच्या स्वाधीन करण्याचे करार राष्ट्रांमध्यें फार पूर्वींपासून होते. परंतु एकोणिसाव्या शतकांत उदारमतवादी देशांनीं त्यांस एक मोठा अपवाद जोडला. राजकीय अपराध्यास स्वाधीन करावयाचें नाहीं, असा तो अपवाद होय. बेल्जियमनें १८३३ सालीं तसा कायदा केला आणि इतर देशांनीं तो कित्ता गिरविला. या अपवादाच्या मुळाशीं उदात्त तत्त्व होतें. जुलमी राजवटीविरुद्ध उठलेल्या माणसास त्याच राजवटीच्या हातीं देणें म्हणजे त्याला फांसाच्या दोराशीं नेऊन पोंचविणें होय, हें त्या पिढीनें डोळ्यांनीं पाहिलेलें होतें.

परंतु त्याच बेल्जियमपुढें १८५४ मध्यें अडचण उभी राहिली. तिसऱ्या नेपोलियनची आगगाडी उडवून देण्याचा प्रयत्न फ्रान्समध्यें झाला व त्यांतील संशयित बेल्जियममध्यें आश्रयाला होता. हा अपराध राजकीय कीं केवळ खुनाचा, यावर तेथील न्यायालयांचें एकमत होईना. अखेर १८५६ मध्यें बेल्जियमनें कायद्यांत दुरुस्ती केली, कीं परदेशच्या राज्यप्रमुखाचा अथवा त्याच्या कुटुंबियांचा खून हा राजकीय अपराध समजला जाणार नाहीं. अपवादाला अपवाद निघाला तो असा.

मित्रराष्ट्रांमधील सहकार्य किती नाजूक असतें, याचें उदाहरण लगेच दोन वर्षांनीं घडलें. १४ जानेवारी १८५८ रोजीं ओर्सिनी नांवाच्या इटालियन देशभक्तानें पॅरिसमध्यें तिसऱ्या नेपोलियनच्या गाडीवर बाँब टाकले. बादशहा वांचला, पण आठ माणसें प्राणास मुकलीं व शंभराहून अधिक जखमी झालीं. बाँब तयार झाले होते इंग्लंडमध्यें. इंग्लंड व फ्रान्स हीं दोन राष्ट्रें क्रिमियाच्या युद्धांत खांद्यास खांदा लावून लढून तेव्हां दोनच वर्षें झालेलीं होतीं. मित्राच्या आग्रहाखातर पंतप्रधान पामर्स्टन यांनीं परदेशांतील खुनाचा इंग्लंडमध्यें कट करणाऱ्यांस कडक शिक्षा देणारें बिल पार्लमेंटपुढें आणलें. फ्रान्सच्या धमकीपुढें मान तुकविली जात आहे अशी भावना झाल्यामुळें पार्लमेंटनें त्यांचा पराभव केला व त्यांचें मंत्रिमंडळ गडगडलें. पुढें लंडनच्या न्यायालयांत या कटाच्या संबंधांत उभा केलेला आरोपी ज्यूरीनें निर्दोष सोडला. बिल वाईट होतें म्हणून तें पडलें असें नाहीं. दुसऱ्याच्या दटावणीनें केलेला कायदा स्वाभिमानी लोकांस रुचत नाहीं म्हणून तें पडलें.

मार्सेल्सचें नांव महाराष्ट्रास अपरिचित नाहीं. ८ जुलै १९१० रोजीं याच बंदरांत ‘मोरिया’ बोटीवरून विनायक दामोदर सावरकर यांनीं समुद्रांत उडी घेतली व ते फ्रान्सच्या किनाऱ्यास लागले. फ्रेंच पोलिस शिपायानें त्यांस पकडून ब्रिटिशांच्या हवालीं केलें. फ्रान्सच्या भूमीवर पोंचलेल्या मनुष्यास रीतसर कारवाईवांचून परत देणें हा आश्रयाच्या हक्काचा भंग आहे, अशी ओरड फ्रान्समधील समाजवाद्यांनीं केली, व त्या सरकारनें सावरकरांस परत मागितलें. प्रकरण हेग येथील लवादाकडे गेलें. २४ फेब्रुवारी १९११ रोजीं निवाडा मिळाला, कीं पकडून देण्यांत अनियमितपणा झाला हें खरें, तथापि ब्रिटनवर कैदी परत करण्याचें बंधन येत नाहीं. बोट येण्यापूर्वींच दोन्हीं देशांच्या पोलिसांत पत्रव्यवहार होऊन बंदोबस्त ठरलेला होता, या गोष्टीवर लवादानें भर दिला. सावरकरांना मुंबईंत झालेल्या दोन जन्मठेपांच्या शिक्षा निवाड्याच्या आधींच सुनावल्या गेल्या होत्या. दोन मित्रसरकारांचे पोलिस एकमेकांशीं बोलूं लागले म्हणजे कायद्याची सावकाश चाल कशी मागें पडते, याचा हा धडा होय. एका सरकारच्या दप्तरीं ज्याची नोंद कटवाला म्हणून होते, तो दुसऱ्या लोकांच्या मनांत स्वातंत्र्याचा सैनिक असूं शकतो. म्हणूनच या विषयांतील प्रत्येक शब्द तोलून वापरावा लागतो.

आतां पुन्हां १९३४ कडे वळावयाचें. पावेलिच व त्याचा साथीदार यांना स्वाधीन करावें अशी मागणी फ्रान्सनें इटलीकडे केली. तुरिनच्या न्यायालयानें, हा अपराध राजकीय आहे असें म्हणून, १८७० च्या कराराचा आधार घेऊन ती फेटाळली. तिकडे युगोस्लाव्हियानें राष्ट्रसंघापुढें फिर्याद नेली. पण ती फक्त हंगेरीविरुद्ध. इटलीचें नांव वगळण्यांत आलें, आणि त्याचें कारण उघड होतें. जर्मनीच्या वाढत्या सामर्थ्यास आळा घालण्यासाठीं फ्रान्सला मुसोलिनीची मैत्री हवी होती, व बार्थूंच्या जागीं आलेले लाव्हाल त्याच उद्देशानें लौकरच, जानेवारी १९३५ मध्यें, रोमला जाणार होते. फ्रान्स हा युगोस्लाव्हियाचा मित्र. त्याच्याच भूमीवर मित्राचा राजा पडला. तरीही नव्या मैत्रीच्या हिशेबापुढें जुन्या मैत्रीनें आवाज खालीं आणला. १० डिसेंबर १९३४ रोजीं राष्ट्रसंघाच्या कौन्सिलनें एकमतानें ठराव केला. हंगेरीच्या कांहीं अधिकाऱ्यांकडून हयगय झाली इतकेंच त्यांत म्हटलें होतें. युद्धाचा भडका टळला, हें या ठरावाचें श्रेय; सत्याचा निम्मा भाग झांकला गेला, ही त्याची किंमत.

त्याच ठरावान्वयें दहशतवादाविरुद्ध आंतरराष्ट्रीय करार तयार करण्यासाठीं तज्ज्ञांची समिति नेमण्यांत आली. तीन वर्षांच्या खलानंतर १६ नोव्हेंबर १९३७ रोजीं जिनीव्हा येथें दोन करार सह्यांसाठीं खुले झाले. पहिल्यानें दहशतवादाची व्याख्या केली: एखाद्या राज्याविरुद्ध रोंखलेलीं व विशिष्ट व्यक्तींच्या, समूहाच्या अथवा सर्वसाधारण जनतेच्या मनांत दहशत बसविण्याच्या हेतूनें केलेलीं गुन्हेगारी कृत्यें, अशी ती होती. असा गुन्हाच नव्हे, तर त्याचा कट, त्याची चिथावणी व त्यास मदत हींही शिक्षेस पात्र ठरविलीं. हत्यारांच्या विक्रीवर देखरेख, खोट्या पासपोर्टांस प्रतिबंध, आणि प्रत्येक देशांत माहितीची देवघेव करणारें पोलिसांचें एक मध्यवर्ती खातें, अशीं व्यावहारिक कलमेंही त्यांत होतीं. मार्सेल्सच्या प्रकरणांत जेथें जेथें छिद्र दिसलें, तेथें तेथें एकेक कलम ठोकलेलें दिसतें. दुसऱ्या करारानें अशा गुन्ह्यांसाठीं आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालय स्थापण्याची योजना आंखली. स्वतः खटला चालविण्यास अथवा आरोपी देण्यास जो देश कचरेल, त्यानें आरोपी त्या न्यायालयाकडे धाडावा, अशी ती सोय होती.

करारांत एक मोठी फट मात्र राहिली. गुन्हेगार स्वाधीन करण्याचें बंधन ज्याच्याकडे मागणी केली जाईल त्या देशाच्या कायद्यास व प्रघातास अधीन ठेवलेलें होतें. म्हणजे तुरिनच्या न्यायालयानें जें केलें, तें करण्याचा मार्ग खुलाच होता. पहिल्या करारावर २४ राज्यांनीं सह्या केल्या, दुसऱ्यावर १३ राज्यांनीं. इटली, हंगेरी व जर्मनी त्यांत नव्हतीं. ब्रिटननेंही, आपल्या देशांत तसा कायदा करणें अवघड आहे, असें सांगून सही केली नाहीं.

सहीनंतर करारास रीतसर मंजुरी देणारा देश एकच निघाला, आणि तो हिंदुस्थान होय. ही मंजुरी १ जानेवारी १९४१ ची. पारतंत्र्यांत असूनही हिंदुस्थानास राष्ट्रसंघांत स्वतंत्र जागा होती. तथापि त्या जागेवरून बोलणारें सरकार लोकांनीं निवडलेलें नव्हतें. बंगालमधील क्रांतिकारक फ्रेंचांच्या चंद्रनगरांत आश्रय घेत, बाहेरून हत्यारें मिळवीत. ही वाट बंद करण्यांत त्या सरकारास रस असणें स्वाभाविक होतें. लंडनच्या सरकारास घरीं जें बंधन नको होतें, तें त्याच्या दिल्लींतील प्रतिनिधींनीं हिंदी लोकांस न विचारतां स्वीकारलें. करार मात्र कधींच अंमलांत आला नाहीं. त्याच १९४१ च्या एप्रिलमध्यें हिटलर व मुसोलिनी यांच्या आशीर्वादानें पावेलिच क्रोएशियाच्या गादीवर बसला, व त्याच्या राजवटींत सर्ब, ज्यू व जिप्सी लोकांची लाखोंनीं कत्तल झाली. ज्याला एका न्यायालयानें राजकीय अपराधी म्हणून वांचविलें, त्यानें सत्ता हातीं येतांच कोणास वांचविलें नाहीं.

दुसऱ्या महायुद्धानंतर राष्ट्रांनीं निराळी वाट धरली. दहशतवाद या शब्दाची सर्वमान्य व्याख्या करीत बसण्यापेक्षां एकेका कृत्याचा बंदोबस्त करावा, असें ठरलें. विमान पळविण्याविरुद्ध १९७० मध्यें हेग येथें झालेल्या करारानें ‘आरोपी स्वाधीन करा, नाहीं तर स्वतः त्याच्यावर खटला भरा’ हा नियम घातला. १९७७ च्या युरोपीय करारानें व १९९७ च्या बाँबस्फोटविरोधी करारानें अशा गुन्ह्यांपुरता राजकीय अपराधाचा जुना अपवाद काढून घेण्याचा मार्ग धरला. सार्क राष्ट्रांनींही १९८७ मध्यें काठमांडू येथें असाच करार केला. १९९६ सालीं भारतानें सर्वंकष कराराचा मसुदा संयुक्त राष्ट्रसंघापुढें ठेवला. पण व्याख्येवरच गाडें अडून तो आजवर संमत झालेला नाहीं. १९३७ मध्यें जें कागदावर साधलें होतें, तेंही पुन्हां साधणें इतकें दुर्घट ठरलें.

सहकार्य प्रत्यक्षांत कसें होतें, हें मुंबईच्या अनुभवावरून कळतें. १२ मार्च १९९३ च्या स्फोटांत २५७ माणसें मेलीं. त्या खटल्यांतील आरोपी अबू सालेम यास पोर्तुगालनें २००५ मध्यें भारताच्या स्वाधीन केलें, तें फांशी न देण्याच्या व पंचवीस वर्षांहून अधिक कैदेंत न ठेवण्याच्या हमीवर. त्या हमीचा मान राखला पाहिजे, असें सर्वोच्च न्यायालयानें २०२२ मध्यें बजावलें. २००८ च्या नोव्हेंबरमधील हल्ल्याच्या तयारींत भाग घेतलेला डेव्हिड हेडली यास अमेरिकेनें भारतास दिलें नाहीं. तेथील न्यायालयानें त्याला २०१३ मध्यें ३५ वर्षांची शिक्षा दिली, आणि २०१६ मध्यें त्यानें दूरचित्राच्या साह्यानें मुंबईच्या न्यायालयापुढें साक्ष दिली. याच प्रकरणांतील आरोपी तहव्वूर राणा यास मात्र अमेरिकेनें एप्रिल २०२५ मध्यें भारताच्या हवालीं केलें. ज्यांचीं माणसें गेलीं त्यांना असा अर्धामुर्धा न्याय अपुरा वाटणें साहजिक आहे. पण १९३४ मध्यें युगोस्लाव्हियास तुरिनकडून एवढेंही मिळालें नव्हतें.

या दीर्घ इतिहासावरून श्रोत्यांच्या ध्यानीं एक गोष्ट येईल. मित्रराष्ट्रांत माहितीची देवघेव व्हावी, पासपोर्ट तपासले जावेत, पैशाच्या वाटा रोंखल्या जाव्यात, हें अवश्य आहे. परंतु हें सर्व न्यायालयाच्या उजेडांत झालें पाहिजे. तो उजेड नसला, म्हणजे १९१० मधील धक्क्यावरच्या घाईप्रमाणें आश्रयाचा हक्क पायदळीं तुडविला जातो. उलट, कायदा आहे पण सरकारांची नियत साफ नाहीं, अशा स्थितींत पावेलिचसारखे लोक निर्धास्त झोंपतात. आपल्या शत्रूच्या घरांतील मारेकरी सर्वांनाच दिसतो. ज्याच्या मैत्रीची आज गरज आहे, त्याच्या घरांतील मारेकऱ्याकडे बोट दाखविणें कठीण असतें. राष्ट्रसंघाच्या कौन्सिलला १९३४ च्या डिसेंबरांत तें जमलें नाहीं, आणि करारावर कितीही सह्या झाल्या तरी त्या धैर्याची जागा सह्यांना घेतां येत नाहीं.