वैमानिकाची पहिली नोकरी
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



सातवी शिकलेल्या बाईने विमानांवर बोलावे, याचे काहींना हसू येईल. पण माझ्या थोरल्या नणंदेची मुलगी धुळ्याला विमान शिकून आली, परवाना हाती पडला, आणि तेव्हापासून आमच्या घरात दुसरा विषय नाही. फुलपाड्यातल्या शेजारणी विचारतात, “परवाना मिळाला, मग आता अडले कुठे?” त्याचेच उत्तर आज देते.

पगारी वैमानिकाच्या परवान्याला 200 तासांचे उड्डाण लागते. त्यांतले 100 तास विमान स्वतःच्या जबाबदारीवर चालवावे लागते. पुढे प्रवासी विमानाचे कप्तान होण्यासाठी जो वरचा परवाना लागतो, त्याला 1500 तास हवेत. मधले 1300 तास आणायचे कोठून, हीच मेख आहे. आपण दुधाची वही ठेवतो ना, तशी त्यांची एक वही असते. तारीख, विमान, किती वेळ, कप्तान म्हणून की सहवैमानिक म्हणून, सारे तीत लिहायचे.

वन्संचे म्हणणे, मोठ्या कंपनीतच जा. पण तेथील विमानाचे शिक्षण वेगळे, आणि त्याचा लाखांचा खर्च बहुतेकदा आपल्याच पदरचा. आधीच आगाशीच्या वाडीचा तुकडा विकला, वर बँकेचे कर्ज. एवढे करून कंपनीने बोलावले नाही, तर हप्ते थोडेच थांबणार?

दुसरी नोकरी भाड्याच्या लहान विमानांवरची. उजव्या खुर्चीवर सहवैमानिक म्हणून बसायचे. लहान धावपट्ट्या, अवेळी निघणे, यांतून शिकायला पुष्कळ मिळते. पण गिऱ्हाईक नसेल तेव्हा वही कोरीच.

मला स्वतःला पटते ते शिक्षकाचे काम. बारामती, गोंदिया येथे विमान शिकविण्याच्या संस्था आहेत. शिकविण्याची निराळी परीक्षा द्यावी लागते, आरंभी वरिष्ठ शिक्षकाच्या देखरेखीखाली राहावे लागते, पावसाळ्यात उड्डाणे मंदावतात, पगारही बेताचा. मात्र शिकवितानाचे तास कप्तानाचे म्हणून वहीत चढतात, आणि हात चालू राहतो. शिवाय दुसऱ्याची चूक वेळीच ओळखून सावरायची सवय लागते. (सुनेला पुरणपोळी शिकविताना माझी जशी पारख वाढली तशी!)

लहान कामाला कमीपणा मानू नये असे मी म्हणते, त्याला आधार आहे. प्रेम माथुर यांना 1947 साली हैदराबादच्या डेक्कन एअरवेजने सहवैमानिक म्हणून घेतले; पुढे त्यांनी बिर्लांचे खासगी विमान चालविले, आणि 1953 साली त्या इंडियन एअरलाइन्समध्ये गेल्या. आपल्या सौदामिनी देशमुखांनी 1985 साली कलकत्ता ते सिलचर असे फोकर विमान नेले, ते सर्व बायकाच असलेले पथक घेऊन. फोकर म्हणजे काही जंबो नव्हे!

आणखी एक. “शिकून शेवटी मास्तरीणच झाली का?” असे तिला कोणी विचारू नये, एवढी विनंती. लग्नाचेही सध्या काढू नये; हप्ते तिचे तिलाच फेडायचे आहेत.

पुढच्या आठवड्यात ती बारामतीला चौकशीस जाणार आहे. तिच्या आईची समजूत अजून पटलेली नाही. वन्सं समोरच बसल्या आहेत. काय रागवायचे ते त्यांनी चहाच्या वेळी रागवावे.