वैशाखातील गलंती आणि घरची बाग



वैशाख लागला की अनेक शिवमंदिरांत पिंडीवर गलंती बांधली जाते. तळाला बारीक छिद्र असलेले पात्र आणि त्यातून अहोरात्र थेंब थेंब ठिबकणारे पाणी. काही घरांत अंगणातील तुळशीवरही असेच भांडे टांगण्याची रीत आहे. या आचारामागे श्रद्धा आहेच. पण शतकानुशतकांचे व्यवहारज्ञानही आहे. उन्हाळ्यात पाणी पुष्कळ ओतून उपयोग नसतो. ते नेमके आणि सावकाश द्यावे लागते. घरची बाग वैशाखवणव्यातून तगवण्याचे बहुतेक शास्त्र या एका भांड्यात सामावले आहे.

परंतु शास्त्राआधी एका प्रश्नाचा विचार केला पाहिजे. एप्रिल २०१६ मध्ये लातूर शहराची तहान भागवण्यासाठी मिरजेहून रेल्वेने पाणी न्यावे लागले. पहिल्या खेपेस दहा वाघिणींतून सुमारे पाच लाख लिटर पाणी गेले. अशा प्रसंगी कोणत्याही संवेदनशील गृहस्थाच्या मनात येते की, पलीकडच्या वस्तीत टँकरपुढे हंड्यांची रांग लागलेली असताना मोगऱ्याच्या कुंडीत पाणी घालण्याचा अधिकार आहे काय? प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर भावनेच्या भरात न शोधता हिशेबाने शोधावे.

शहरी पाणीपुरवठ्यासाठी दरडोई दररोज १३५ लिटर हे प्रमाण धरले जाते. म्हणजे चौघांच्या कुटुंबाला ५४० लिटर. बारा इंची कुंडीला कडक उन्हात दिवसाला दीड लिटर पाणी धरले, तर वीस कुंड्यांना तीस लिटर पुरते. डाळ-तांदूळ आणि भाज्या धुतलेले पाणी, पाहुण्यांच्या पेल्यांत उरलेले पाणी, वातानुकूलन यंत्रातून ठिबकणारे पाणी, जलशुद्धीकरण यंत्राने बाहेर टाकलेले पाणी एवढे जरी एका पिंपात साठवले, तरी या तीस लिटरांचा मोठा भाग भरून निघतो. ज्या घरात बाग एकदा वापरलेल्या पाण्यावर जगते, ते घर कोणाच्या वाट्याचे पाणी घेत नाही. मात्र नळाला रबरी नळी लावून अंगण आणि हिरवळ भिजवणाऱ्याला हे समर्थन लागू पडत नाही.

येथे थोडा विवेक हवा. शुद्धीकरण यंत्राच्या टाकाऊ पाण्यात क्षार अधिक असतात. ते साध्या पाण्यात मिसळून द्यावे. मातीवर पांढरा थर दिसू लागला की ते काही दिवस थांबवावे. न्हाणीतील सौम्य साबणाचे पाणी जमिनीत लावलेली केळ, कर्दळ, अळू यांना चालते. रोपांना आणि कुंड्यांना देऊ नये. कपडे धुण्याच्या पावडरीचे पाणी तर बागेपासून दूरच ठेवावे, कारण त्यातील सोडियममुळे मातीचा पोत बिघडतो.

पाणी केव्हा द्यावे? सहाव्या शतकातील वराहमिहिराने ‘बृहत्संहिते’त वृक्षायुर्वेदावर स्वतंत्र अध्याय लिहिला आहे. उन्हाळ्यात सकाळ-संध्याकाळ, हिवाळ्यात एक दिवसाआड आणि पावसाळ्यात जमीन सुकेल तेव्हा नव्याने लावलेल्या वृक्षांना पाणी द्यावे, असे तो सांगतो. आजचे वनस्पतिशास्त्र याचे कारण उलगडून दाखवते. पानांवरील सूक्ष्म रंध्रांतून पाण्याची वाफ बाहेर पडते आणि पान थंड राहते. दुपारी हा खर्च मुळांच्या मिळकतीहून अधिक होतो, तेव्हा झाड माना टाकते. ते पाहून गृहिणी कळवळून तांब्याभर पाणी ओतते. संध्याकाळी पुन्हा ओतते. परिणामी मुळे कुजतात आणि झाड ‘उन्हाने गेले’ असा समज होतो. दुपारी कोमेजलेले झाड संध्याकाळी सावरले, तर ते तहानलेले नव्हते. सकाळीही मान खाली असेल तर मात्र खरी तहान आहे. बोट दोन पेरे मातीत खुपसून पाहावे. ओल लागली तर पाणी देऊ नये. याहून सोपे उपकरण नाही.

दिलेले पाणी टिकवणे हे पुढचे काम. उघडी माती ऊन पिते, म्हणून तिच्यावर वाळलेला पाला, उसाचे पाचट किंवा नारळाच्या शेंड्या यांचे दोन-तीन इंच आच्छादन द्यावे. मोठ्या वाफ्यात साधे मातीचे मडके गळ्यापर्यंत पुरून पाण्याने भरावे आणि वर झाकण ठेवावे. माती कोरडी असेल तेव्हा ती मडक्याच्या सच्छिद्र भिंतीतून पाणी ओढून घेते. ओली असेल तेव्हा पाझर मंदावतो. गच्चीवरील कुंड्या तापलेल्या फरशीवर न ठेवता विटांवर आणि एकमेकींना लगटून ठेवाव्यात. नाजूक रोपांवर हिरवी जाळी बांधावी.

या दिवसांत काही गोष्टी टाळणे हीच सेवा ठरते. भर उन्हाळ्यात रासायनिक खत, जोरदार छाटणी आणि कुंडीबदल नको. ही कामे मृगाच्या सरींसाठी राखून ठेवावीत. कोरड्या उष्म्यात लाल कोळी आणि पिठ्या ढेकूण वाढतात. पानांच्या खालच्या बाजूवर पाण्याचा फवारा आणि सायंकाळी निंबोळी अर्क मारल्यास बहुधा भागते. झाडांची निवडही ऋतूशी जुळणारी असावी. मोगरा तर याच उन्हात बहरतो. सदाफुली, कण्हेर, बोगनवेल, चिनी गुलाब थोडक्या पाण्यात हसत राहतात.

कोल्हापूरचे श्री. अ. दाभोळकर यांनी ‘प्रयोग परिवारा’च्या माध्यमातून दहा गुंठ्यांत एका कुटुंबाचा निर्वाह कसा साधता येईल, याचा ध्यास घेतला. सूर्यप्रकाश हे खरे धन आणि पालापाचोळा ही त्याचीच साठवण, ही त्यांची दृष्टी दोन कुंड्यांच्या सज्जालाही लागू पडते. ज्या घरात पाला जाळला जात नाही, तेथे पावसाळ्यापर्यंत खत तयार होते.

शेवटी, मे महिन्यात कुटुंब गावी निघते तेव्हा बागेचे काय? कुंड्या सावलीत एकत्र कराव्यात. पाण्याच्या बादलीतून प्रत्येक कुंडीत सुती कापडाची जाड वात सोडावी. आणि शेजारच्या मुलांना बोलावून पिंप व तांब्या दाखवावा. पक्ष्यांसाठी भरलेले मातीचे पसरट भांडेही त्यांच्याच हवाली करावे. परतल्यावर एखादी कुंडी वाळलेली आढळेल. पण शेजारच्या घराशी जडलेला ओलावा टिकून राहील. थेंबाचा मान राखणारे घर वैशाखातही हिरवे राहते, आणि शेजाऱ्याच्या हंड्याला त्याची झळ लागत नाही.