तात्यांना झेपेल अशी गाडी

आजचा विषय ऐकून काही जणी म्हणतील, मोटरसायकल हा काय बायकांचा विषय आहे का? आहे. कर्ज गटातून आपण काढतो, हप्ता आपण फेडतो आणि मागच्या सीटवर आपणच बसतो.

आमच्या गटातल्या एका आक्कांची गोष्ट सांगतो. त्यांचे मालक, आम्ही सगळ्या त्यांना तात्या म्हणतो, वय सदुसष्ट. दारात जुनी बुलेट, गिअर उजव्या पायाला असणारी. तात्यांचा जीव त्या गाडीत. पण गुडघे गेलेत. किक मारायला आता पुतण्याला हाक मारावी लागते. मागच्या पावसाळ्यात ओढ्याच्या चढावर गाडी उभ्या-उभ्याच कलली, तात्यांना सावरली नाही आणि आक्कांची पोटरी सायलेन्सरला भाजली. मुलगा पुण्यात असतो. त्याने फोनवर सांगून टाकलं, गाडी विका, आता घरी बसा.

तात्या घरी बसले की आक्काही घरी बसल्या, हे त्याच्या लक्षात आलं नाही. वस्तीवर एसटी येत नाही. आक्कांना साखरेच्या गोळ्या आणायला दर महिन्याला दवाखान्यात जायचं असतं, गटाच्या बैठकीला यायचं असतं. दोन बैठका त्या आल्याच नाहीत. तिसऱ्या महिन्यात आम्हीच त्यांच्या घरी गेलो. स्कूटी घ्या म्हटलं, तर तात्या म्हणाले, बारक्या चाकाची गाडी आमच्या रस्त्याला चालत नाही, आणि मला गिअरचीच सवय आहे. त्यातलं निम्मं मानाचं होतं, पण निम्मं खरंही होतं. खडीच्या वाटेवर मोठं चाक बरं पडतं. मग ठरलं, तात्यांना आवडेल अशी जुन्या घडणीचीच, पण हलकी गाडी शोधायची.

वजनाचा हिशोब आपल्या मापात सांगतो. सिमेंटची गोणी ५० किलोची. जुनी बुलेट १६० किलोच्या पुढे, म्हणजे तीन गोण्यांहून जास्त. आत्ताची नवी क्लासिक ३५० घ्याल तर ती १९५ किलोची, जवळजवळ चार गोण्या. तेच शंभर सीसीच्या जुन्या गाड्या शंभर-एकशेदहा किलोच्या आसपास. दोन गोण्यांचा भार. चालत्या गाडीत हा फरक कळत नाही. कळतो तो गाडी थांबवताना, वळवताना, मागे ढकलताना आणि मेन स्टँडवर चढवताना. म्हातारी माणसं बहुतेक तिथंच पडतात, आणि या वयात खुब्याचं हाड मोडलं तर घर सहा महिने अंथरुणाभोवती फिरतं.

तात्यांच्या मनात पहिली आली ती यामाहा आरएक्स १००. १९८५ ते १९९६ या काळात निघालेली, शंभर किलोच्या आसपासची. दिसायला देखणी, आवाज तर विचारूच नका. पण आम्हाला विचाराल तर ही गाडी तात्यांसाठी नको. टू-स्ट्रोक इंजिन, ॲक्सिलेटर जरा पिळला की उसळी घेते, मागे नऊवारीत एका बाजूला बसलेल्या बाईचं काय होईल? शिवाय शौकीन पोरांनी तिचे भाव असे चढवलेत की त्यात एक दुभती म्हैस येईल. येझदीत तर गिअर आणि किकचा दांडा एकच, तोही डाव्या बाजूला. ज्याने तरुणपणी चालवली त्याला ठीक, नव्याने शिकायचं हे वय नव्हे.

शेवटी नजर ठरली हिरो होंडा सीडी १०० वर. १९८५ साली आलेली, फोर-स्ट्रोक, ९७ सीसीची. पेट्रोलमध्ये ऑइल मिसळायची भानगड नाही, किक हलकी. १९९४ ला आलेल्या स्प्लेंडरचं इंजिन त्याच घराण्यातलं, त्यामुळे तालुक्याच्या कुठल्याही दुकानात सामान मिळतं आणि कुठलाही मेस्त्री ती उघडतो. जुन्या गाडीत आम्ही रंगापेक्षा हे जास्त पाहू.

पहिली गाडी दाखवली ती एका ऑटो कन्सल्टंटने. चकचकीत रंग, नवी सीट. आक्कांनी सहज इंजिनला हात लावला, तर गरम! आम्ही यायच्या आधीच चालू करून ठेवली होती. जुनी गाडी थंड असताना किकवर चालू होते का, हेच तर बघायचं असतं. चालू केल्यावर सायलेन्सरमधून निळा धूर येत होता. फोर-स्ट्रोक गाडीने निळा धूर टाकला म्हणजे ती ऑइल जाळते, इंजिनचं काम निघालेलंच. आरसी बुकावरचा चेसिस नंबर गाडीवरच्या नंबराशी ताडून बघू म्हटलं, तर बुकच “दोन दिवसांत येतंय.” आम्ही चहा पिऊन परत आलो.

दुसरी गाडी मिळाली एका निवृत्त गुरुजींकडे, एकाच मालकाची. तिथं तात्यांना आधी बसवलं. दोन्ही पाय सपाट जमिनीला टेकतात का? टेकले. मग गाडी बंदच ठेवून दहा पावलं पुढे, दहा पावलं मागे ढकलायला लावली, मेन स्टँडवर तीनदा चढवायला लावली. तात्या चिडले, म्हणाले, परीक्षा घेताय का? आक्का म्हणाल्या, घेतेय. नंतर त्या स्वतः मागे बसल्या. पाय ठेवायला फुटरेस्ट, धरायला हँडल आणि मागचं चाक निम्मं झाकेल अशी जाळी, म्हणजे आपलं साडी गार्ड, या तिन्ही गोष्टी कायद्यानेच लागतात. गुरुजींनी जाळी काढून माळ्यावर टाकली होती, ती शोधून बसवून घेतली. पदर चाकात गेला की काय होतं, हे गावात कुणाला सांगायला नको.

टायर दिसायला चांगले होते, पण टायरवर तारखेचा चार आकडी नंबर असतो. पहिले दोन आकडे आठवडा, पुढचे दोन वर्ष. त्यावरून कळलं, टायर बारा वर्षांचे. तेवढे पैसे किमतीतून कमी करून घेतले.

आता कागदं. हा भाग जरा लिहून घ्या. पंधरा वर्षांनंतर गाडीची नोंदणी दर पाच वर्षांनी नवी करावी लागते, गाडी आरटीओत तपासून. ती केलेली आहे का, पर्यावरण कर भरलाय का, हे व्यवहाराआधी बघा. नाव बदलायला फॉर्म २९ आणि ३० वर विकणाऱ्याच्या सह्या घ्या. गाडीवर जुनं कर्ज असेल तर बोजा उतरवल्याचा फॉर्म ३५ घ्या. विमा आणि पीयूसी चालू हवं. १ एप्रिल २०१९ च्या आधीच्या गाडीला नवी सुरक्षा नंबरप्लेटही बसवून घ्यावी लागते. निम्मे पैसे आम्ही नाव बदलेपर्यंत गटाकडेच ठेवले. गुरुजींना राग आला नाही, उलट म्हणाले, असंच करावं.

पंधरा हजारांचं कर्ज गटाने दिलं, आक्कांच्या नावावर. गाडीही आक्कांच्याच नावावर झाली. त्यावर पारावर दोन दिवस चर्चा झाली म्हणे.

गिअरची एक गोष्ट मात्र हलक्यात घेऊ नका. जुन्या बुलेटला गिअर उजव्या पायाला आणि ब्रेक डाव्या. सीडी १०० ला नेमकं उलटं. चाळीस वर्षांची सवय घाईच्या वेळी जुन्या जागीच पाय दाबते. म्हणून पंधरा दिवस तात्यांनी शाळेच्या मैदानावर, संध्याकाळी पोरं गेल्यावर, एकट्याने गाडी फिरवली. आक्का कठड्यावर बसून बघायच्या. मगच त्या मागे बसल्या, आणि हेल्मेट दोघांनाही.

तुमच्या घरातल्या तात्यांचं लायसन्स आज काढून बघा. वयाच्या पंचावन्ननंतर ते पाच-पाच वर्षांनीच नवं होतं, आणि त्यासाठी डॉक्टरांचा फॉर्म १-ए लागतो. मुदत संपून वर्ष उलटलं तर पुन्हा चाचणी द्यावी लागते. आमच्या तात्यांचं संपायला चार महिने होते. डॉक्टरांकडे गेले तेव्हा डाव्या डोळ्यात मोतीबिंदू निघाला. ऑपरेशन झालंय. महिनाभर गाडी गोठ्याशेजारी झाकून ठेवलीय, आणि बैठकीला आक्कांना आम्हीच घेऊन येतो.