एक विहीर, तीन वर्षे



पदवीच्या पातळीवरील पर्यावरणशास्त्राच्या अभ्यासाविषयी बोलावे, अशी या व्याख्यानमालेच्या चिटणीसांची आज्ञा आहे. या विषयाचा पूर्वेतिहास सांगण्याचा शिरस्ता असला, तरी तो आपणांपैकी बहुतेकांस अवगत आहे. एम. सी. मेहता यांच्या याचिकेवर १९९१ साली सर्वोच्च न्यायालयाने दिलेला आदेश, २००३ साली पुन्हा बजावल्यावर सर्व शाखांच्या विद्यार्थ्यांस लागू झालेला सहा महिन्यांचा सक्तीचा अभ्यासक्रम, आणि त्यासाठी पुण्याच्या डॉ. एरच भरुचा यांनी सिद्ध केलेले पाठ्यपुस्तक, हे सारे आपण जाणताच. त्या सक्तीच्या विषयाची प्रकल्पवही एका वर्षाच्या विद्यार्थ्याकडून दुसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्याकडे कशी वारसाहक्काने जाते, हेही या सभागृहातील प्राध्यापकांस मी सांगावयास नको. (हशा.)

मला बोलावयाचे आहे ते त्या सक्तीच्या विषयाबद्दल नव्हे. तीन वर्षे, आणि आता इच्छा असेल त्यास चार वर्षे, हेच शास्त्र मुख्य विषय म्हणून शिकणाऱ्या तरुणाबद्दल मला बोलावयाचे आहे. आणि त्याच्याविषयी माझे एक ठाम मत आहे, जे मी प्रारंभीच उघड करून ठेवतो. प्रवेशाच्या दिवशी त्याच्या हाती पुस्तकाआधी एक विहीर द्यावी. मौजे अमुक, गट नंबर अमुक, मालकाच्या संमतीने मुक्रर केलेली एक विहीर. तिच्या पाण्याची पातळी त्याने दर आठवड्यास मोजावी, पाण्याचा क्षार, नायट्रेट आणि जंतू ठरावीक मुदतीने तपासावेत, शिवारातील पीक आणि पडलेला पाऊस यांची नोंद करावी, आणि पदवी घेताना ती नोंदवही महाविद्यालयाच्या दप्तरी रुजू करून मागून येणाऱ्याच्या स्वाधीन करावी. एक विहीर, तीन वर्षे. बाकीचे सर्व विषय त्या विहिरीच्या काठावर बसून शिकवता येतात, असा माझा दावा आहे.

हा दावा सातारा आणि सांगली या दोन जिल्ह्यांत जितका सुलभतेने सिद्ध होतो तितका अन्यत्र क्वचितच होईल. महाबळेश्वरी वर्षाकाठी पाच हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस कोसळतो, आणि तेथून सरळ रेषेत शंभर किलोमीटरांच्या आत असलेल्या दहिवडीस पाचशेच्या आसपास मिळाला तरी शेतकरी समाधान मानतो. माहुलीस वेण्णा, कराडास कोयना, ब्रह्मनाळास येरळा, हरिपुरास वारणा अशा नद्या पोटात घेत कृष्णा याच दोन जिल्ह्यांतून पुढे जाते. तिच्याच खोऱ्यात कोयनेचे धरण आहे आणि दुष्काळी जतचा टँकरही आहे. जगातील एखाद्या विद्यापीठास असे आयते संग्रहालय मिळाले असते, तर त्याने भोवती कुंपण घालून तिकीट लावले असते. (हशा.)

आता त्या विहिरीकडे चला. दहिवडीकडील माण तालुक्याच्या विहिरीत दोर दरवर्षी अधिक खोल सोडावा लागतो, हे सर्वविदित आहे. परंतु वाळवा-मिरजेकडील कृष्णाकाठच्या काळ्या जमिनीत उसाला पाण्याचा सुकाळ झाल्यामुळे भूजल वर चढते, त्याबरोबर विरघळलेले क्षार मुळांपर्यंत येतात, पाणी उडून जाते, क्षार मागे राहतात, आणि एकेकाळी एकरी उसाच्या उत्पन्नाची प्रौढी मिरवणारी जमीन क्षारपड होऊन पांढरी पडते. त्यावर उपाय जमिनीखाली सच्छिद्र नळ घालून निचरा करणे हा आहे आणि तो खर्चिक आहे. एके ठिकाणी पाणी खाली जाते म्हणून अनर्थ, दुसऱ्या ठिकाणी वर येते म्हणून अनर्थ. आणि दोन्ही अनर्थांची पूर्वसूचना देणारे साधन एकच, मोजपट्टी. काळ्या पाषाणाच्या कोणत्या थरात पाणी मुरते आणि कोणता थर त्यास अडवतो, हे भूशास्त्र. खतातील नत्र पिण्याच्या पाण्यात कसे उतरते, हे रसायनशास्त्र. शेजाऱ्याच्या बोअरने आपली विहीर आटली तर २००९चा भूजल अधिनियम काय म्हणतो, हे विधिशास्त्र. यांपैकी कोणता विषय विहिरीबाहेर राहिला, ते कृपया मला सांगावे.

राज्याची भूजल सर्वेक्षण यंत्रणा निवडक निरीक्षण विहिरींची पातळी वर्षातून चार वेळा, जानेवारी, मार्च, मे आणि ऑक्टोबर या महिन्यांत, मोजते. हे काम मोलाचेच आहे. परंतु चार मोजण्यांच्या मध्ये पावसाची एखादी सर विहिरीस किती दिवसांनी पोहोचली, हे कोण सांगणार? सरकारास प्रत्येक गावी दर आठवड्यास माणूस धाडणे परवडणार नाही. विद्यार्थी मात्र त्याच गावचा आहे.

येथे येरळेची हकीकत सांगितल्यावाचून मला पुढे जाववत नाही. येरळा खटाव तालुक्यातून सांगली जिल्ह्यात उतरते. पावसाळा सरला की पात्र कोरडे, पाण्याचा ठणठणाट आणि वाळू मात्र विपुल. १९८२च्या गिरणी संपानंतर मुंबईतून खानापूर तालुक्यात परतलेले कामगार गावी आले ते दुष्काळाच्या तोंडी; रोजगार हमीवर खडी फोडता फोडता त्यांनी प्रश्न केला, की या खडीने आमचा दुष्काळ हटणार कसा? त्या प्रश्नातून मुक्ती संघर्ष चळवळ उभी राहिली. डॉ. भारत पाटणकर तिचे एक धुरीण. लोकविज्ञान चळवळीतील मंडळी आणि विद्यार्थी तिच्यात सामील झाले, आणि घोषणांबरोबर दुष्काळाच्या कारणांचा अभ्यासही सुरू झाला. तेव्हा ध्यानी आले, की ज्या वाळूचा महसूल खाते लिलाव करीत होते आणि जी ठेकेदारांच्या गाड्यांतून रात्रंदिवस बाहेर जात होती, तीच वाळू पुराचे पाणी पोटात साठवून काठच्या विहिरींस पुरवीत असे. वाळू गेली की विहिरीचा ठेवा गेला! बलवडी आणि तांदुळवाडी या गावांनी मग सरकारास सांगितले, की ठेकेदारांचा उपसा बंद करा. आम्हीच मर्यादित वाळू विकू आणि त्या पैशाने येरळेवर बंधारा घालू. के. आर. दाते यांच्यासारख्या ज्येष्ठ अभियंत्याने त्यास तांत्रिक साहाय्य दिले, परवानगीसाठी लढावे लागले, आणि ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस 'बळीराजा स्मृती धरण' उभे राहिले. त्याचे पाणी जमिनीच्या प्रमाणात न वाटता प्रत्येक कुटुंबास समान वाटावे, भूमिहीनासही त्याचा हिस्सा असावा, हे तत्त्व त्या लहान गावांनी स्वीकारले. (टाळ्या.) आपल्या टाळ्या त्या गावांस पोहोचोत, परंतु ध्यानात घ्या, की आधी निरीक्षण झाले, मग कारणमीमांसा झाली, मग तंत्र आले, आणि शेवटी न्यायाचा प्रश्न आला. पर्यावरणशास्त्राच्या पदवीचा याहून चांगला अनुक्रम मला कोणत्याही अभ्यासमंडळाच्या कागदावर आढळलेला नाही.

चिटणीसांची चिठ्ठी आली आहे. दहाच मिनिटे उरली आहेत. कासचे पठार, चांदोलीचे अरण्य, २००१ साली पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील ठरलेला महाबळेश्वर-पाचगणीचा प्रदेश, पश्चिम घाटाविषयीचा डॉ. माधव गाडगीळ यांच्या समितीचा २०११चा अहवाल, या प्रत्येकावर मी बोलणार होतो. ते सारे आता सोडून देतो, कारण मागील रांगेतून एका गृहस्थांनी मघापासून हात वर केला आहे आणि त्यांचा प्रश्न मला न ऐकताही ठाऊक आहे.

"नोकरीचे काय?" होय, तोच. (हशा.) हसू नका, मुलाच्या शिक्षणासाठी ज्याने पीककर्जाचा हप्ता मागे ठेवला, त्या बापाचा हा प्रश्न आहे आणि तो सर्वस्वी न्याय्य आहे. १९७४चा जलप्रदूषण अधिनियम, १९८६चा पर्यावरण संरक्षण अधिनियम, २००६ची पर्यावरणीय परवानगीची अधिसूचना, यांनी प्रत्येक मोठ्या उद्योगास मोजमाप करणारा माणूस बाळगणे भाग पाडले आहे. या दोन जिल्ह्यांतील साखर कारखान्यांना आणि आसवन्यांना सांडपाण्याचा हिशेब द्यावा लागतो, दरवर्षी ३० सप्टेंबरपर्यंत प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे पर्यावरण विवरणपत्र दाखल करावे लागते. ते विवरणपत्र कोण लिहितो? प्रयोगशाळा, सल्लागार संस्था, नगरपालिका, वनखाते, येथे कामे आहेत. ती विपुल आहेत असे मी म्हणत नाही, आणि नुसत्या पदवीच्या कागदावर ती मिळतील असे तर मुळीच म्हणत नाही. पुष्कळ जागांस पदव्युत्तर शिक्षण लागते. परंतु सलग तीन वर्षांची स्वतःच्या हस्ताक्षरातील निरीक्षणे ज्याच्यापाशी आहेत, तो उमेदवार आणि गुणपत्रिका घेऊन आलेला उमेदवार यांतील भेद कोणताही जाणता अधिकारी पहिल्या पाच मिनिटांत ओळखील.

"विद्यार्थ्यास मोजणीदार करून टाकता," असा आक्षेप एका विद्वान मित्राने घेतला आहे. मी त्यांस सांगलीकडे पाहण्याची विनंती करतो. कृष्णेवरील १९२९ सालचा आयर्विन पूल, आणि त्यावरील पाण्याच्या पातळीचे फूट! ऑगस्ट २०१९मध्ये पंचेचाळीस फुटांची धोक्याची रेषा ओलांडून पाणी सत्तावन्न फुटांवर गेले, त्या दिवसांत सांगलीतील प्रत्येक घर एकच प्रश्न विचारीत होते, "आयर्विनला किती फूट?" त्या एका आकड्यावर माणसे घर सोडायचे की राहायचे, हे ठरवीत होती. गावच्या पिकाची पैसेवारी पन्नास पैशांच्या आत लागते की बाहेर, यावर दुष्काळाची सवलत ठरते. आकडा हा आपल्याकडे कोरडा विषय कधीच नव्हता. तो कोण मोजतो, कसा मोजतो आणि कोणाच्या दप्तरी राहतो, यावर गोरगरिबांचे दैव अवलंबून असते. म्हणून तो गावच्या सुशिक्षित मुलाने, मुलीने मोजावा, एवढेच माझे म्हणणे आहे. कर्मवीर भाऊरावांच्या या सातारा जिल्ह्यात, जेथे 'कमवा व शिका' हे शिक्षणाचे सूत्र झाले, तेथे हाताने केलेल्या कामास ज्ञानाचा दर्जा आहे हे मी पुन्हा पटवून देण्याची गरज नसावी. (टाळ्या.)

चिटणीस आता उभेच राहिले आहेत, तेव्हा आटोपते घेतो. समोर बसलेल्या प्राचार्यांस विनंती अशी, की नव्या प्रयोगशाळेच्या अनुदानाची वाट न पाहता येत्या जूनमध्ये काम सुरू करावे. पातळीच्या आणि पावसाच्या नोंदीस मोजपट्टी, पर्जन्यमापक आणि बांधीव वही एवढेच लागते. वह्या विद्यार्थ्यांच्या नावांसह जतन कराव्यात आणि ज्यास हव्यात त्यास, मग तो तलाठी असो की शेतकरी, विनामूल्य पाहू द्याव्यात. आणि ज्या शेतकरी बंधुभगिनींच्या विहिरी आहेत, त्यांनी आज घरी जाण्यापूर्वी चिटणीसांच्या मेजावर ठेवलेल्या कागदावर मौजे, गट नंबर आणि विहिरीची खोली लिहून सही करावी. कागद पुरले नाहीत, तर व्याख्यानमालेने ते आणून द्यावेत.