घरातले गणित



मुलाचे गणित कच्चे आहे, म्हणून आपण संध्याकाळी त्याला पाढे म्हणायला बसवतो. पाढ्यांशी माझे भांडण नाही. पण ज्या उत्तरावर घरातले काहीच अवलंबून नाही, ते चुकले काय नि बरोबर आले काय, मुलाला सारखेच.

आपल्या अकोला-अमरावतीकडे खऱ्या हिशेबाला काय तोटा! क्विंटलभर कापसातून रुई निघते साधारण 34 किलो. बाकी बहुतेक सरकी. रुईची गाठ 170 किलोंची. तेव्हा एका गाठीला कापूस लागला पाच क्विंटल. जिनिंगच्या दाराशी बापाबरोबर ताटकळणाऱ्या पोराला हे काढू द्या. मग विचारा, उतारा 34 ऐवजी 33 पडला, तर शंभर क्विंटल कापसामागे रुई किती गेली? पुरी एक क्विंटल! शेकडेवारी त्याला तिथे कळते, कारण पैसा घरचा असतो.

शहरात कापूस नसेल, भाजी तर आहे. सव्वा किलो वांगी, पाव किलो मिरची, सांबाराची जुडी. पैसे मुलीच्या हाती द्या. मुलीच्या म्हणतो, कारण दुकानात आपण मुलालाच धाडतो. आणि तिने सांगितलेला हिशेब खरा धरा. मागून काका मोड मोजायला धावले, की तिचा जीव त्यातून उडालाच.

2019 साली दुसरीच्या पुस्तकात एकवीसबरोबर ‘वीस एक’ ही रीत आली, तेव्हा केवढा गदारोळ झाला! समितीच्या अध्यक्षा मंगला नारळीकर यांचे म्हणणे एवढेच, की आपल्या संख्यांची नावे मुलांना अडखळवतात. ‘वीस एक’ माझ्या कानाला रुचत नाही. पण अडचण खरी आहे. एकोणतीस म्हटले की पोर 39 लिहिते, कारण कानावर ‘तीस’ पडतो. एकोण म्हणजे एक उणा, हे त्याला घरात कुणी सांगितले आहे काय?

1957 साली दशमान नाणी आली आणि पुढे पावकी, निमकी, पाऊणकी शाळेतून गेली. स्वयंपाकघरातून मात्र गेली नाहीत. तीन पोळ्या उरल्या आणि खाणारे चार, तर वाटणी पोरांवर सोपवा. भांडतील, तुकडे मोजतील, आणि प्रत्येकाच्या ताटात पाऊण पोळी पडेल.