तीन राजांचा सण आणि धर्मग्राम



नाताळचा प्रारंभ कसा होतो हे ख्रिस्तीतर शेजाऱ्यालाही ठाऊक असते. दारावरचा कागदी तारा, गव्हाणीचा देखावा, मध्यरात्रीची मिस्सा आणि दुसऱ्या दिवशी घरोघर जाणारी फराळाची ताटे, हे सारे त्याच्या परिचयाचे असते. हा सण संपतो कधी आणि कसा, हे मात्र सहसा कोणी विचारीत नाही. आज मी या शेवटाविषयीच बोलणार आहे; कारण कॅथलिक धर्मग्रामाचे सामर्थ्य आणि त्याचे वैगुण्य ही दोन्ही नाताळच्या रात्रीपेक्षा या सरत्या दिवसांत अधिक स्पष्ट दिसतात, असे मला वाटते.

एका ठरावीक परिसरात राहणारा आणि एका धर्मगुरूच्या देखरेखीखाली नांदणारा श्रद्धावंतांचा समुदाय म्हणजे धर्मग्राम. वसईत हा शब्द रूढ आहे. गोव्यात त्यालाच 'फिर्गज' म्हणतात. चर्चची इमारत हे त्याचे केंद्र खरे. पण त्याचे जीवन पंचांगाच्या आधाराने चालते. जुन्या रोमन परंपरेत नाताळचा प्रभाव चाळीस दिवस टिकत असे आणि २ फेब्रुवारीला, मेणबत्त्यांच्या आशीर्वादाने त्याची सांगता होई. १९६९ साली पोप सहावे पॉल यांनी पंचांगाची नवी रचना मंजूर केली. तेव्हापासून प्रभूच्या बाप्तिस्म्याच्या सणाने नाताळचा काळ संपतो. सामान्यतः जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्याच्या सुमारास येणाऱ्या त्या दिवसानंतर गव्हाण आवरली जाते, धर्मगुरूंचा शुभ्र पोशाख जाऊन हिरवा येतो आणि सामान्य काळ सुरू होतो.

या शेवटाच्या अगोदर येतो तो प्रकटीकरणाचा सण. त्याची मूळ तिथी ६ जानेवारी. मत्तयकृत शुभवर्तमानात पूर्वेकडून आलेल्या ज्ञानी पुरुषांची कथा आहे. एका ताऱ्याच्या मागोमाग ते बेथलेहेमला येतात आणि सोने, ऊद व गंधरस अर्पण करतात. ते तीन होते असे मत्तयाने म्हटलेले नाही, ते राजे होते असेही नाही. तीन भेटींवरून लोकांनी तिघांची कल्पना केली, त्यांच्या मस्तकी मुकुट चढविले आणि पुढे त्यांना गास्पार, मेल्कियोर व बाल्थाझार अशी नावेही दिली. ते कोणीही असोत, ते परके होते, ही गोष्ट कथेत महत्त्वाची आहे. बालकाच्या दर्शनाला प्रथम आले ते मेंढपाळ, म्हणजे त्याच मुलखातील माणसे. त्यांच्यामागून आले ते दूरदेशीचे, वेगळ्या आचारविचारांचे लोक. नाताळच्या रात्री जे घरात घडले, ते या दिवशी जगापुढे आले.

गोव्यात या सणाला लोकांनी जे रूप दिले आहे ते पाहण्यासारखे आहे. मांडवीच्या उत्तर तीरावर वेरें येथे फ्रान्सिस्कन संन्याशांनी १५५५ साली बांधलेले रेइस मागोस चर्च आहे. त्याचे नावच मुळी 'ज्ञानी राजे' असे आहे. सासष्टीतील चांदर हे एके काळचे चंद्रपूर, कदंबांच्या राजवटीशी जोडलेले प्राचीन नगर. तेथील चर्च बेथलेहेमच्या मातेला वाहिलेले आहे. तेथे चांदर, कावोरी आणि गिरदोली या तीन गावांतून एकेक मुलगा राजा होतो. मुरगाव तालुक्यात कासावली, आरोशी आणि कुएली या तीन गावांचे बालराजे मुकुट व झगे घालून, घोड्यांवर बसून, वेगवेगळ्या वाटांनी कुएलीच्या टेकडीवरील रेमेदियोस मातेच्या चॅपेलकडे जातात. वाद्ये वाजत असतात, आप्तेष्ट बरोबर चालत असतात आणि टेकडीवर तिन्ही गावे एकत्र येतात.

या रचनेतील शहाणपण ध्यानात घ्यावे. तीन गावे म्हटली की मानापमान आले, सीमेचे आणि पाण्याचे तंटे आले. शुभवर्तमानातील कथेने या गावांना एक युक्ती सुचविली: प्रत्येकाने आपला राजा आपल्या वाटेने आणावा, परंतु भेट एकाच ठिकाणी अर्पण करावी. कोणालाही आपली वाट सोडावी लागत नाही आणि कोणीही एकटा पोहोचत नाही. धर्मग्राम म्हणजे काय, याचे याहून सोपे स्पष्टीकरण मला ठाऊक नाही.

केरळमध्ये हाच दिवस निराळ्या अर्थाने उजळतो. संत थॉमसच्या परंपरेतील सिरो-मलबार कॅथलिक या सणाला 'दनहा' म्हणतात. सुरियानी भाषेतील या शब्दाचा अर्थ उदय, प्रकट होणे. पूर्वेकडील परंपरेप्रमाणे तेथे या दिवशी ज्ञानी पुरुषांपेक्षा यार्देन नदीतील येशूच्या बाप्तिस्म्याचे स्मरण प्रमुख असते. इरिंजालकुडा भागात घरांसमोर आणि चर्चपुढे केळीचे खांब रोवून ते सजवितात व त्यांवर दिवे लावतात. केळीच्या या खांबाला मल्याळममध्ये 'पिंडी' म्हणतात. त्यावरून सणाचे नाव 'पिंडी पेरुन्नाल' असे पडले. अन्यत्र रात्री नदीत किंवा तळ्यात स्नान करण्याची प्रथा असल्याने 'राक्कुळी', म्हणजे रात्रीचे स्नान, असेही नाव आहे. एकाच देशात, एकाच कॅथलिक ऐक्यात, एके ठिकाणी घोडा आणि मुकुट, तर दुसरीकडे पाणी आणि दीप. दोन्हींचे सांगणे एकच: जे प्रकट झाले ते झाकून ठेवण्यासाठी नव्हे.

येथे एक अवघड प्रश्न उभा राहतो. सण असा दार उघडतो, पण धर्मग्राम ते खरोखर उघडतो काय? गोव्यातील अनेक जुन्या चर्चमध्ये सणाचे मानपान कॉन्फ्रारियांच्या, म्हणजे बंधुसंघांच्या हाती राहिले. त्यांचे सभासदत्व पुष्कळदा गावकर कुटुंबांपुरते आणि जातीपुरते मर्यादित असे. बाप्तिस्मा सर्वांचा एकच. मिरवणुकीतील स्थान मात्र जन्मावरून ठरे. पूर्वेकडच्या परक्यांना प्रथम मान देणारी कथा जेथे दरवर्षी वाचली जाते, तेथे शेजारच्या वाड्यावरील माणसाने मागे उभे राहावे, ही विसंगती बाहेरच्या टीकाकारांनी शोधून काढलेली नाही. धर्मग्रामांच्या अंतर्गत वादांत ती पुन्हा पुन्हा बोलून दाखविली गेली आहे आणि काही ठिकाणी ते वाद न्यायालयांपर्यंतही गेले आहेत.

दुसरी अडचण स्थलांतराची. नाताळला मुंबईहून, आखातातून, युरोपातून मुले घरी येतात आणि रजा संपताच परततात. ज्या आठवड्यात राजे घोड्यावर बसतात, त्याच आठवड्यात अंगणे रिकामी होऊ लागतात. म्हणून सणाचा भार अखेर राहणाऱ्यांवरच पडतो. चर्चची झाडलोट करणाऱ्या स्त्रिया, गायकवृंदाला ऑर्गनवर साथ करणारा वृद्ध वादक, गव्हाणीतील मातीच्या मूर्ती गवतात गुंडाळून पेटीत ठेवणारी मुले, हीच माणसे पुढील नाताळपर्यंत धर्मग्राम चालवितात. त्यांची नावे फलकावर क्वचितच दिसतात.

प्रभूच्या बाप्तिस्म्याच्या सणाने हा काळ संपावा, यात मला मोठे औचित्य दिसते. तीन राजांच्या मिरवणुकीत तिघांनाच मुकुट मिळतो. बाप्तिस्म्याच्या पाण्याजवळ पहिला-दुसरा असा क्रम नाही. वरच्या वाड्यावरील मूल आणि खालच्या वाड्यावरील मूल त्याच कुंडाशी आणले जाते आणि त्याच नोंदवहीत लिहिले जाते. ज्या धर्मग्रामाला मिरवणुकीचा क्रम ठरविता येत नसेल, त्याने या कुंडाकडे पाहावे.

मत्तय सांगतो की ते ज्ञानी पुरुष दुसऱ्या वाटेने आपल्या देशी परतले. नाताळ संपल्यावर गावानेही पुन्हा जुन्याच वाटेवर, जुन्याच मानपानांच्या रांगेत उभे राहावयाचे की नाही, हे कोणतेही पंचांग ठरवून देत नाही. ते गावानेच ठरवायचे असते. पुढील वर्षीचे तीन राजे कोणत्या घरांतून निघतील, याच्या विचाराला गव्हाण आवरल्या दिवसापासूनच प्रारंभ करता येईल.