बोअर कुठे पाडायचा



समोर फुलंब्री आणि आसपासच्या मंडळ्यांतून आलेले शिक्षक, परिचारिका, कृषी सहायक, एसटीतले वाहक दिसताहेत. एक-दोघे रात्रपाळी करून थेट इथे आलेत; त्यांनी खुशाल डुलकी घ्यावी.

श्रद्धा आणि नोकरी हा विषय निघाला की आपल्याकडे दोनच गोष्टी बोलल्या जातात. ऑफिसात साक्ष कशी द्यावी आणि पगाराचा दशांश वेळेवर कसा द्यावा. तो पगार कसा कमावला, हे कुणी विचारत नाही. मला आज कामाच्या त्या आठ तासांबद्दल बोलायचं आहे.

सुरुवात जामखेडपासून करू. ते आपल्याला परकं नाही, बीड जिल्ह्याला लागूनच आहे. वेल्लोरला शिकलेले डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे १९७० मध्ये तिथे आले. पुढे १९७९ मध्ये त्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला, तो आपण दर वेळी अभिमानाने सांगतो. मला मात्र त्याआधीची एक गोष्ट मोठी वाटते. दुष्काळ पडला होता, लोकांना औषधाआधी पाणी हवं होतं. हातपंपांसाठी बोअर पाडायचे ठरले. जागा ठरवण्याची वेळ आली तेव्हा आरोळ्यांनी आग्रह धरला की पंप दलित वस्तीत बसवायचे. मग गावातल्या सवर्ण बाया घागरी घेऊन त्या वस्तीत आल्या आणि त्याच दांड्याला हात लावून पाणी भरू लागल्या. अस्पृश्यतेवर भाषण झालं नाही, पंपावर वचनही रंगवलं नाही. जागा निवडणं हा कामाचाच भाग होता आणि श्रद्धा नेमकी तिथे उतरली. गावोगावच्या आरोग्यसेविका निवडतानाही तेच. अक्षरओळख नसलेल्या, खालच्या मानल्या गेलेल्या घरांतल्या बायकांना त्यांनी बाळंतपणं करायला शिकवली.

केडगावला पंडिता रमाबाईंनी बायबलचं भाषांतर केलं, हे आपण मुलांना शिकवतो. त्या १९२२ मध्ये गेल्या, पूर्ण ग्रंथ १९२४ मध्ये बाहेर आला. तो छापला त्यांच्या मुक्ती मिशनमधल्या बायका-मुलींनी. छपाईचा एकेक खिळा जुळवणाऱ्या त्या हातांची उपासना रविवारपुरती नव्हती.

आता आपल्याकडे या. अतिवृष्टी होते, आल्याचे गड्डे कुजतात, कपाशी पिवळी पडते आणि पंचनाम्याचा आदेश निघतो. पंचनामा सरपंचांच्या ओसरीवर चहा पीत होतो, तसा गिरिजा नदीच्या पलीकडे चिखल तुडवत जाऊनही होतो. रस्त्यालगतचं शेत आधी दिसतं, म्हणून तेच आधी यादीत जातं. तुम्ही उद्या कुणाच्या बांधावर आधी जाणार? प्रसूतिकक्षात कळांनी ओरडणाऱ्या कुठल्या बाईवर आपण खेकसतो आणि कुणाच्या सुनेशी गोड बोलतो? वर्गात कुणाची वही तपासायची राहून जाते? तुमचे बोअर इथेच पाडायचे आहेत.

यात ख्रिस्ती असं काय, नेकीने काम तर शेजारच्या टेबलावरचा बौद्ध, मुसलमान, हिंदू सहकारीही करतो, असं कुणी म्हणेल. करतो, आणि बरंच आहे. नेकीचं पेटंट घ्यायला आपण इथे जमलेलो नाही. आपल्या प्रभूने गावात सुतारकी केली. त्याच्या हातच्या वस्तू घेणाऱ्यांना त्याची शिकवण ठाऊक नव्हती, माल मात्र कळत असणार.

एक कडू गोष्टही सांगून टाकतो. आपल्याच काही संस्थांमध्ये 'ही सेवा आहे' असं म्हणत परिचारिकांना आणि शिक्षिकांना तुटपुंज्या पगारावर राबवलं जातं. आधी मस्टर आणि पगारपत्रक नीट करा. प्रार्थनेचा तास नंतर वाढवता येईल.

आयोजकांना एक विनंती. दुपारच्या सत्रात साक्षी ठेवल्या आहेत. त्यात बढती, बंगला, परदेशी गेलेला मुलगा नको. प्रत्येकाने गेल्या वर्षात कामावर घेतलेला एकच असा निर्णय सांगावा, ज्याने कुणीतरी नाराज झालं. वेळ पाच मिनिटं. सुरुवात पाळकांपासून करू.